टेबलावर ठेवलेला हात

तीन जुलैला मला एक पत्र आलं. हल्ली माझ्या नावाने येतं ते बँकेचं किंवा पेन्शनर संघटनेचं. हे मात्र वहीच्या रेघी पानावर, बॉलपेनने इतकं दाबून लिहिलेलं होतं की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती.

‘सर, नमस्कार. मी बोलायला लागलो की बिघडतं म्हणून लिहितोय. जानेवारीच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, हे मान्य आहे का. मी बोलणार होतो. तुम्ही टेबलावर हात ठेवला म्हणून गप्प बसलो. मी काय बोलणार होतो ते तुम्हाला माहीत होतं का? हो का नाही एवढंच लिहा. अठरा ऑगस्टला कोर्टात शेवटची तारीख आहे. त्याच्या आत लिहा. रत्नदीप शेजवळ, ठाकुर्ली.’

उत्तर एका शब्दाचं होतं. छत्तीस दिवस मी ते दिलं नाही.

हे कुणाला सांगण्याजोगं आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण सांगायचं तर आधी मी त्या टेबलाशी कसा पोचलो ते सांगायला हवं.

मी चौतीस वर्षं ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ते काम माझ्यासारख्याला बरं होतं. माणसं कुजबुजत बोलायची आणि दोन मिनिटांत पुस्तक घेऊन निघून जायची. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत टिळकनगरला घरी बसून वाचायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पण पाच वर्षांपूर्वी मृणाल आली. ती आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी. तासन्‌तास वाचनालयात बसायची. आता ठाण्यात वकिली करते. कोर्टात न भांडता, एका टेबलाशी बसून घटस्फोटाच्या अटी ठरवायच्या, असं काम तिने सुरू केलं होतं. नवऱ्याचा एक वकील, बायकोचा एक वकील, आणि दोघांना एकेक कोच. सुरुवातीलाच सगळे एका कागदावर सही करतात : कुणी भांडणाचा दावा लावायचा नाही. लावलाच, तर दोन्ही वकील आणि दोन्ही कोच त्याच दिवशी बाजूला होणार, आणि खोलीत जे बोललं गेलं ते कुणालाही कोर्टात वापरता येणार नाही. सगळं ठरलं की मग संमतीचा अर्ज करायचा. सहा महिन्यांच्या अंतराने दोन तारखा. दुसऱ्या तारखेला दोघं पुन्हा ‘हो’ म्हणाले की संपलं.

“सर, मला कोच हवेत, मराठीत बोलणारे,” मृणाल म्हणाली. “मुंबईहून आलेल्या बाई इंग्रजीत विचारतात, हाऊ डझ दॅट मेक यू फील. आपली माणसं सांगतात, फाइन.”

“मला बोलता येत नाही गं.”

“म्हणूनच. तुम्हाला ऐकता येतं. आणि लिहिता येतं.”

माझी बायको गोदा आतून म्हणाली, “चाळीस वर्षांत यांनी घरात सलग तीन वाक्यं बोललेली मी ऐकलेली नाहीत. हे लोकांना काय शिकवणार? गप्प बसायला?”

गोदा थट्टा करत होती. झालं मात्र नेमकं तेच.

कोचचं काम म्हणजे वकिली नव्हे, उपचारही नव्हेत. माणसाला जे म्हणायचं आहे ते समोरच्याला ऐकवेल अशा रीतीने म्हणायला मदत करायची. ‘तू’ने सुरू होणारं वाक्य ‘मला’ने सुरू करायचं. ‘तू कधी घरी नसतेस’च्या जागी ‘मला एकटं वाटतं’. मी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा हे मला फार आवडलं. शब्द बदलले की माणसं बदलतात, असं मला जन्मभर वाटत आलं होतं आणि ते कुणी विचारत नव्हतं.

रत्नदीप हे माझं सातवं प्रकरण. अडतीस वर्षांचा, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची बायको प्रियांका कोपरीतल्या एका रुग्णालयात नर्स. वर्षभर वेगळे राहत होते. तो आईबरोबर ठाकुर्लीत, ती डोंबिवली पश्चिमेला भाड्याने. मुलगी यशोधरा, नऊ वर्षांची, तिच्याकडे. प्रियांकाला तिचे स्वतःचे वकील होते, आणि कोच म्हणून निशा नावाची तरुण समुपदेशक. रत्नदीपची वकील मृणाल, आणि कोच मी.

कोपरीत एका क्लासची खोली आम्ही शनिवारी वापरायचो. तो पहिल्या दिवशी आला आणि उभाच राहिला.

“बसा ना.”

“सर, मला उभ्यानेच सुचतं. लिफ्टच्या माणसाला बसायची सवय नसते.”

“काय हवंय तुम्हाला?”

“तिचं डोकं ठिकाणावर आलेलं हवंय.”

“तिच्याबद्दल नको. तुमच्याबद्दल सांगा.”

“मग माझं डोकं ठिकाणावर राहिलं पाहिजे.” तो हसला. “सर, लिफ्ट अडकली की आतली माणसं पहिली दोन मिनिटं शिव्या देतात. मग आईला फोन लावतात. मग एकमेकांना पाणी देतात. मी आणि प्रियांका, आमची पहिली दोन मिनिटंच दहा वर्षं चाललीयत.”

मला तो आवडला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच आवडला.

भांडणाचा मुद्दा एकच होता. घटस्फोट झाला की प्रियांका यशूला घेऊन माहेरी, लातूरला जाणार होती. तिचंही चूक नव्हतं. इथे रात्रपाळी असली की पोरीजवळ थांबायला कुणी नाही. तिथे आई, भाऊ, नोकरीची ओळख. पण रत्नदीप रोज सकाळी सहा पन्नासला प्रियांकाच्या इमारतीखाली स्कूटर घेऊन उभा राहायचा आणि यशूला शाळेत सोडायचा.

“पंधरा मिनिटं लागतात सर. ती मागे बसून पाढे म्हणते. हेल्मेटमध्ये मला अर्धे ऐकू येत नाहीत. मी आपलं ‘बरोबर, बरोबर’ म्हणतो. एकदा ती म्हणाली, पप्पा, मी मुद्दाम चुकीचं म्हटलं होतं.” तो खिडकीकडे वळला. “माझ्याकडे तेवढंच आहे. ती लातूरला गेली की तेही गेलं. मी नाही जाऊ देणार. नाही म्हणजे नाही. मी मरेन सर.”

“‘मरेन’ नको म्हणायला,” मी म्हणालो. “समोरच्याला ती धमकी वाटते.”

“धमकी नाही ती.”

“मला माहीत आहे. पण त्यांना तशी ऐकू येते.”

त्याने मान हलवली. तो चांगला विद्यार्थी होता. मी सांगितलेलं तो वहीत लिहून घ्यायचा.

बैठकीत वाचण्यासाठी आम्ही त्याचं निवेदन तयार करायला घेतलं. पहिल्या खर्ड्याची पहिली ओळ त्याची होती : ‘यशूला लातूरला न्यायचं नाही.’ ‘नाही’ने सुरुवात केली की ऐकणाऱ्याचे कान मिटतात, असं आम्हाला शिकवलेलं आहे. म्हणून मी ते वाक्य खाली नेलं. दुसऱ्या खर्ड्यात ते दुसऱ्या परिच्छेदात गेलं. तिसऱ्यात त्याचं ‘मला यशूपासून दूर राहणं कठीण जाईल’ झालं. चौथ्यात मी लिहिलं : ‘यशूचं हित माझ्या इच्छेपेक्षा मोठं आहे. ती कुठे राहील याबद्दल मी मोकळ्या मनाने विचार करायला तयार आहे.’ ‘नाही’ कुठेच उरलं नव्हतं. ते उरलेलं नाही हे मला दिसलं होतं. पण वाक्याला लय आली होती.

“भारी लिहिलंय सर,” रत्नदीप कागद बघत म्हणाला. “हे मी बोललो असं कुणाला वाटेल का?”

“तुमच्या मनातलंच आहे. फक्त नीट मांडलंय.”

“‘मोकळ्या मनाने विचार’ म्हणजे विचारच ना?”

“विचारच.”

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवली. तो तापू लागला की मी टेबलावर तळहात सपाट ठेवायचा. म्हणजे त्याने थांबायचं, श्वास घ्यायचा, कागदावर जे आहे तेवढंच बोलायचं. चार शनिवार आम्ही याचा सराव केला. मी मुद्दाम प्रियांकाची बाजू घेऊन त्याला डिवचायचो, तो उसळायचा, मी हात ठेवायचो. पाचव्या शनिवारी हात ठेवायच्या आधीच तो गप्प झाला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

बैठक जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी झाली. रत्नदीपने निवेदन वाचलं. तो अडखळला नाही. वाचून झालं. प्रियांकाने ओढणीने डोळे पुसले.

“हे तू लिहिलंस?”

“सरांनी मदत केली.”

“केली असेल. पण वाचलंस तूच ना. दहा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासमोर एक पानभर बोललास आणि त्यात शिवी नव्हती. मी शोधत होते, कधी येते म्हणून.”

सगळे हसले, रत्नदीपसुद्धा. निशाने माझ्याकडे एक चिठ्ठी सरकवली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘सुंदर.’ चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं मांडत आलो. माझ्या लिहिण्याबद्दल कुणी हा शब्द कधी वापरला नव्हता. ती चिठ्ठी मी खिशात ठेवली.

मग त्या निवेदनाच्या आधारे अटी मांडल्या गेल्या. यशू आईबरोबर लातूरला राहणार. वडिलांकडे उन्हाळ्याचा एक महिना, दिवाळीचे आठ दिवस, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मृणालने वाचून दाखवलं आणि विचारलं, “रत्नदीप, हे तुम्हाला मान्य आहे ना? नीट विचार करून सांगा.”

त्याने तोंड उघडलं. तो तापलेला नव्हता. आवाज चढलेला नव्हता, मुठी वळलेल्या नव्हत्या. बोलण्यासाठी त्याने फक्त श्वास आत घेतला होता, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावर हात ठेवला.

त्याचं तोंड मिटलं. मग तो म्हणाला, “हो, मॅडम.”

फेब्रुवारीत कोर्टात पहिली तारीख झाली. जुलैत पत्र आलं.

उत्तर न देण्याची कारणं मी पहिल्याच दिवशी गोळा केली. कोचने वकिलाला वगळून परस्पर काही लिहून द्यायचं नाही, असा नियम आहे. तो नियम खरा आहे. मृणालला एक फोन केला असता तर तो पाळताही आला असता, हेही खरं आहे. ‘हो’ लिहिलं तर रत्नदीप संमती मागे घेईल, सगळं मोडेल, दोघं नवे वकील करून समोरासमोर उभे राहतील आणि यशूला न्यायाधीशांसमोर विचारतील, तुला कोण जास्त आवडतं. हेही खोटं नव्हतं. ‘नाही’ लिहिणं शक्य होतं, पण तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मी पत्र कपाटात ठेवायचो, काढायचो, वाचायचो, पुन्हा ठेवायचो. पुस्तक उघडलं तर एकच पान चार वेळा वाचून व्हायचं. जुलैच्या मध्यावर मला वाटायला लागलं की अठरा ऑगस्ट लवकर येऊन जावा, म्हणजे उत्तराला अर्थच उरणार नाही. आपण अशी इच्छा करतोय हे कळलं तेव्हा मी संडासात जाऊन बराच वेळ बसून राहिलो. घरात तेवढीच एक कडी लावायची जागा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यशूच्या शाळेपाशी गेलो. त्याला तोंडानेच सांगायचं, असं ठरवून. सात वाजून पाच मिनिटांनी त्याची स्कूटर आली. यशू उतरली, पाठीवरचं दप्तर सारखं केलं आणि म्हणाली, “पप्पा, सतरा नव्वे?”

“एकशे त्रेपन्न.”

“बरोबर. तुम्हाला आलं!” आणि आत पळाली.

रत्नदीपने मला पाहिलं. स्कूटर बंद करून तो आला. खूप वाळला होता.

“सर? इकडे?”

“सहज. फिरायला. तुम्ही कसे आहात?”

“मला ठीक वाटतंय, सर.” ‘मला’ने सुरू होणारं वाक्य. मी शिकवलेलं.

मग त्याने अगदी हळू विचारलं, “माझं पत्र मिळालं का?”

माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ते पत्र होतं. मी म्हणालो, “पत्र? कुठलं पत्र?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही.

“बरं,” तो म्हणाला. “मिळेल मग.”

स्कूटर सुरू करून तो गेला. मी शाळेच्या कट्ट्यावर बसलो. शाळेचा शिपाई येऊन विचारून गेला, काका, पाणी देऊ का.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी एक म्हातारी बाई आमच्या दारात उभी राहिली. नऊवारी, पायात रबरी चपला, हातात छत्री.

“जय भीम. ते बोलायला शिकवणारे मास्तर हितंच राहतात का?”

“जय भीम. मीच तो. या, बसा.”

“मी रत्नदीपची आई. जाईबाई.” ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. गोदाने पाणी दिलं ते तिने हातातच धरलं. “त्याला सांगू नका मी आले म्हणून. मास्तर, तुम्ही माझ्या पोराला काय शिकवलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे तो बोलत नाही. आधी भांडायचा, आरडाओरडा करायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर चाळीला कळायचं. मी म्हणायचे, मेल्या, गप बस जरा. आता गप बसलाय. मी ओरडले तरी म्हणतो, ‘आई, मला समजतंय तुला काय वाटतंय.’ असं कोण बोलतं का आईशी?”

गोदा हसली आणि लगेच थांबली, कारण जाईबाई हसत नव्हती.

“जेवत नाही. रात्री जागा असतो. सकाळी पोरीला सोडून आला की तासभर स्कूटरवरच बसून राहतो. खाली. वर येत नाही. त्याचं काम तुम्हाला ठाऊक आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो तो. वर लिफ्ट, खाली माणूस. लक्ष नसलं की...” तिने पेला खाली ठेवला. “मी शिकलेली नाही. पण चाळीस वर्षं लोकांच्या घरी कामं केली, माणूस ओरडतो तोवर मला भीती वाटत नाही. मला आता भीती वाटते. तुम्ही त्याला गप केलंत, तुम्हीच काहीतरी सांगा. एवढंच म्हणायला आले.”

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “तुमची काळजी मी समजू शकतो.”

जाईबाईने माझ्याकडे पाहिलं. “हां,” ती म्हणाली. “तो पण असंच बोलतो.” आणि छत्री घेऊन उठली.

ती गेल्यावर गोदाने विचारलं, “काय केलंत तुम्ही?”

मी पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून वाचलं. तारीख पाहिली. मग घडी करून माझ्यासमोर ठेवलं.

तरी आणखी आठ दिवस गेले. सहा ऑगस्टला मी बसने ठाण्याला मृणालच्या ऑफिसात गेलो आणि तिला सगळं सांगितलं. हात, चिठ्ठी, पत्र, शाळेपाशी बोललेलं खोटं, जाईबाई. सांगताना मी तिच्या टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे पाहत होतो.

“सर, हे जानेवारीत का नाही सांगितलंत?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“माझं निवेदन वाईट ठरेल याची.”

तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, “मी पण पाहिलं होतं. त्याने तोंड उघडलं होतं. पावणेसहा झाले होते, खोली सहाला सोडायची होती. मी पुढचा कागद घेतला.”

बाहेर कुणीतरी झेरॉक्ससाठी भांडत होतं.

“आता काय होईल?” मी विचारलं.

“तुम्ही ‘हो’ लिहिलंत तर तो संमती काढून घेऊ शकतो. त्याचा हक्क आहे. मग दावा उभा राहिला की मी त्याची वकील नाही, तुम्ही त्याचे कुणी नाही. तुमचं पत्र कोर्टात चालणार नाही, तशी आपण सगळ्यांनी सही केलीय. प्रियांकाने इथली नोकरी सोडलीय, महिन्याची नोटीस दिलीय. ती अडकेल. वर्षानुवर्षं तारखा पडतील. आणि एवढं करून यशू लातूरलाच राहील, असंही होऊ शकतं.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर अठरा तारखेला तो ‘हो’ म्हणेल.”

“तूच का नाही विचारत त्याला?”

“गेल्या आठवड्यात फोन केला होता. ‘मान्य आहे ना?’ ‘हो मॅडम.’ परत केला तर परत ‘हो मॅडम.’ सर, तो मला विचारत नाहीये. तुम्हाला विचारतोय.”

“मधला काही मार्ग?”

“आहे एक. तारखेच्या आधी तो पुन्हा बैठक मागू शकतो. दावा नाही, नुसती बैठक. प्रियांका येईलच असं नाही. आली तरी ऐकेल असं नाही. पण ती त्याने मागावी लागेल, आणि त्या दिवशी त्याला खरंच ‘नाही’ म्हणायचं होतं हे कुणीतरी मानतंय, एवढा विश्वास आधी त्याला बसावा लागेल.” ती उठली. “मी वकील आहे त्याची. हे कळल्यावर मी गप्प बसू शकत नाही. दोन दिवस थांबते. तुमचं पत्र गेलं नाही तर मी सांगेन. आणि ते त्याने माझ्याकडून ऐकावं, असं मला वाटत नाही.”

दाराशी ती म्हणाली, “सर, जेवलात का?” मी हो म्हणालो. तेही खोटं होतं.

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिला खर्डा दीड पानी झाला. दुसरा त्याहून मोठा. ‘त्या क्षणी माझ्याकडून दिल्या गेलेल्या खुणेमागे केवळ आपल्या हिताचा विचार होता की अन्यही काही, हे मला आज निश्चित सांगता येत नाही.’ मला ते निश्चित सांगता येत होतं. तिसरा खर्डा फाडला. चौथ्यात क्षमा हा शब्द पाच वेळा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाने माझ्या मागे उभं राहून पाचवा वाचला.

“हे कुणी लिहिलंय? नगरपालिकेने?”

“मला जमत नाहीये.”

“त्याने काय विचारलंय?”

“हो की नाही.”

“मग?”

“हो.”

“मग लिहा की ‘हो’. तुम्ही शोभून दिसावं म्हणून नाही विचारलेलं त्याने.”

मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, पुन्हा वाचलं नाही. पत्रात जे होतं ते जवळपास असं :

‘रत्नदीप, हो. मला माहीत होतं. तुम्ही यशूला लातूरला न्यायला नाही म्हणणार होता. तुम्ही चिडलेले नव्हता. सगळ्यांना माझं लिहिणं आवडलं होतं आणि तुम्ही बोललात तर ते मोडेल, म्हणून मी हात ठेवला. निवेदनातून तुमचं ‘नाही’ मीच काढलं. शाळेपाशी मी खोटं बोललो. पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. अठरा तारखेपर्यंत तुम्हाला संमती मागे घेता येते. त्याआधी पुन्हा बैठकही मागता येते. दोन्हींत काय होईल ते मला माहीत नाही, आणि काय करा हे मी सांगणार नाही. मृणालला फोन करा, तिला सगळं ठाऊक आहे. बैठक झाली तर मी येऊन प्रियांकाताईंसमोर हेच सांगेन. त्यानंतर मी हे काम सोडतोय. तुमच्या घरी तुमची वाट बघणारी माणसं आहेत. काम करताना जपा. उत्तराला छत्तीस दिवस लागले. त्र्यंबक.’

आठ ऑगस्टला सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी तिथे पोचलो. खिडकी उघडल्यावर आतल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला.

“ठाकुर्ली? अहो आजोबा, चालत पंचवीस मिनिटांवर आहे. हातात नेऊन द्या की. कशाला स्पीड पोस्ट?”

“हातात द्यायला जमलं नाही,” मी म्हणालो. “याच्याने कधी पोचेल?”

“उद्या रविवार. सोमवारी मिळून जाईल. आत काय आहे?”

“पत्र.”

“नुसतं पत्र?”

“हो.”

तिने पाकीट काट्यावर ठेवलं, कळा दाबल्या, छापून आलेली पट्टी पाकिटावर चिकटवली. एकदा हात पुढे करून ते परत मागावं, असं मला वाटलं. ती तेवढ्यात वळली आणि मागच्या ट्रेमध्ये, इतर पाकिटांवर, तिने ते टाकलं. मी खिडकीपाशी तसाच उभा राहिलो. मागच्या माणसाने “झालं ना, काका?” असं दोनदा विचारलं, तेव्हा बाजूला झालो.